जॉनचे नऊ दिवस

जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्याने १९६९ साली एक अनुबोधपट पूर्ण केला. त्याचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर असे होईल : ‘जॉन, वय सतरा महिने, नऊ दिवस निवासी शिशुगृहात’. एखाद्या कचेरीतील नोंदवहीत शोभावे असे हे नाव आहे आणि चित्रपटही वरवर पाहता नोंदवहीसारखाच आहे. काळापांढरा, सुमारे पाऊण तासाचा. कथानक म्हणाल तर दोन ओळींचे. जॉनची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात दाखल होते. वडिलांना नोकरी सोडून घरी बसता येत नाही आणि मदतीला जवळ नातेवाईक नाहीत. म्हणून मुलाला शिशुगृहात ठेवतात. नऊ दिवसांनी आई येऊन त्याला घरी नेते.

या अवधीत कोणी मृत्यू पावत नाही. परिचारिका मुलावर हात उगारत नाहीत, त्याला उपाशी ठेवत नाहीत. हे शिशुगृह काही ऐरेगैरे नव्हते. बालसंगोपनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना प्रशिक्षण देण्याची त्याला रीतसर मान्यता होती. तेथील परिचारिका तरुण आहेत, हसतमुख आहेत, मायाळू आहेत. खलनायकाच्या शोधात असलेल्या प्रेक्षकाला येथे कोणीच सापडत नाही. आणि तरीही पहिल्या दिवशीचा जॉन आणि नवव्या दिवशीचा जॉन शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की मन सुन्न होते. हे कशामुळे झाले? चित्रपटाचे मोठेपण मला यात वाटते, की या प्रश्नाचे उत्तर त्याने तत्त्वज्ञानात शोधले नाही, कामाच्या वेळापत्रकात शोधले.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हा चित्रपट पाहिला असेल, म्हणून थोडा तपशील देतो. पहिले दोन दिवस जॉन घरी वागतो तसाच वागतो. मोठ्या माणसाकडे पाहिले की ते आपल्याकडे पाहते, हात वर केले की ते उचलून घेते, हा त्याचा आजवरचा अनुभव. त्याच विश्वासाने तो परिचारिकांकडे जातो. एखादी त्याला जवळ घेतेही. पण तिला लगेच दुसऱ्या कामासाठी उठावे लागते, किंवा तिची पाळी संपते आणि तिच्या जागी दुसरी येते. तेथे कामाची वाटणी मुलांवरून केलेली नव्हती, कामांवरून केलेली होती. एकीने न्हाऊ घालायचे, दुसरीने भरवायचे, तिसरीने निजवायचे, आणि उद्या हीच कामे वेगळ्या हातांनी करायची. म्हणजे प्रत्येक काम कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला आले होते. जॉन मात्र कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

शिशुगृहातील इतर मुले बऱ्याच काळापासून तेथेच वाढत होती. परिचारिकेची मांडी मिळवायची तर ढकलावे लागते, ओरडावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. जॉन घरातून आलेला. त्याला हे युद्धशास्त्र अवगत नाही. तो मांडीपाशी पोहोचेपर्यंत मांडी भरलेली असते. हळूहळू त्याचे रडणे वाढते, मग खेळणे थांबते, मग तो अन्न नाकारू लागतो. माणसांकडे जाणे सोडून तो आकाराने त्याच्याएवढ्या एका कापडी अस्वलाला बिलगून पडतो. अस्वल निदान पाळी संपली म्हणून उठून जात नव्हते.

या चित्रपटातील एक प्रसंग विसरता येत नाही. वडील भेटायला आले आहेत. जॉन त्यांना आपले बाहेर जाण्याचे बूट दाखवतो. त्याला अजून बोलता येत नाही. पण यापेक्षा स्पष्ट वाक्य कोणते असणार? वडील त्याचे मन राखण्यासाठी बूट त्याच्या पायात घालतात. मुलाच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी येते. आणि मग बूट घालूनही आपण कोठेच जात नाही, हे त्याच्या ध्यानात येते. कॅमेरा त्या चेहऱ्यावर क्षणभर थांबतो. वडिलांचा यात दोष नाही. त्या जागी आपणही तेच केले असते.

नवव्या दिवशी आई येते. दुःखांत आणि सुखांत यांची आपली सवयीची मोजमापे लावली, तर हा चित्रपट सुखांत म्हणावा लागेल. पण आई दिसताच जॉन तिच्याकडे झेपावत नाही. तो मोठ्याने आक्रोश करतो, अंग टाकून देतो, आईकडे चोरून पाहतो आणि मान फिरवतो. तिने जवळ घेतले तरी त्याचे सांत्वन होत नाही. मूल आईला विसरले, असे वरवर पाहणारा म्हणेल. विसरलेल्या माणसावर कोणी इतके रागावत नाही.

हा चित्रपट तयार करणारा मनुष्य मुळात चित्रपटकार नव्हता. जेम्स रॉबर्टसन हे स्कॉटलंडमधील कष्टकरी कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी शिशुगृहे चालवली, तेथे ते आणि जॉइस काम करीत होते. १९४८ साली मानसचिकित्सक जॉन बोल्बी यांनी त्यांना टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात आपल्याबरोबर घेतले. त्या काळी ब्रिटनमधील रुग्णालयांत लहान मुलांना भेटण्यावर कडक निर्बंध असत. आईबाप आले की मुले रडतात, गेले की अधिकच रडतात, तेव्हा न आलेलेच बरे, असा डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा युक्तिवाद होता. शांत झालेले मूल म्हणजे रुळलेले मूल, असे ते मानीत. रॉबर्टसन सांगत होते की ते मूल रुळलेले नाही, हताश झालेले आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही, म्हणून त्यांनी हाती कॅमेरा घेतला. पूर्वी त्यांनी तो कधी चालवलेला नव्हता.

त्यातून १९५२ साली ‘दोन वर्षांचे मूल रुग्णालयात जाते’ हा त्यांचा पहिला अनुबोधपट निघाला. त्यातील लॉरा अडीच वर्षांची होण्याच्या बेतात आहे आणि बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात आहे. ती आक्रस्ताळेपणा करीत नाही. वयाच्या मानाने ती विलक्षण संयमी आहे, आणि तोच संयम पाहणाऱ्याला असह्य होतो. घरी निघताना ती आपली झाडून सारी चीजवस्तू बरोबर घेते, एकही वस्तू मागे ठेवू देत नाही, पण आईचा हात मात्र धरत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा वैद्यकीय व्यवसायातील अनेकांनी तो आपल्या पेशाचा अपमान मानला. पुढे १९५९ साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलांच्या खाटेपाशी मुक्तद्वार असावे अशी शिफारस केली. एखाद्या अनुबोधपटाने रुग्णालयांची दारे उघडण्यास इतका हातभार लावल्याची उदाहरणे थोडीच असतील.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बालकाचा जीव एखाद्या माणसावर जडतो तो कसा? पूर्वी याचे उत्तर सोपे वाटे : जो दूध देतो त्याच्यावर. फ्रॉइडपंथीय आणि त्यांचे कट्टर विरोधक असलेले वर्तनवादी, दोघेही थोड्याफार फरकाने हेच म्हणत. बोल्बींनी हे नाकारले. चिकटून राहणे, रडून बोलावणे, हसून थांबवून धरणे, पाठोपाठ रांगत जाणे ही बालकाची स्वतंत्र गरज आहे, भुकेची दासी नव्हे, असे त्यांनी मांडले. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांना दोन कृत्रिम ‘आया’ दिल्या होत्या, एक नुसत्या तारेची आणि एक मऊ कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. (पिलांना आईपासून तोडणारे ते प्रयोग क्रूर होते, हेही सांगितले पाहिजे.)

दूध आणि जिव्हाळा यांतील हा भेद आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये. स्तोत्रसंहितेतील १३१ वे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. परमेश्वराजवळ निवांत झालेल्या जिवाला तेथे आईजवळच्या बालकाची उपमा दिली आहे. पण कोणत्या बालकाची? अंगावर पिणाऱ्या नव्हे, तर दूध तुटलेल्या बालकाची. ते मूल आईजवळ काही मागायला आलेले नाही. ती आहे, एवढेच त्याला पुरेसे आहे. आपण हे स्तोत्र नम्रतेचे म्हणून म्हणतो आणि ‘दूध तुटलेले’ या विशेषणावरून घाईने पुढे जातो. स्तोत्रकर्त्याने घरातले मूल नीट पाहिले होते.

जन्मतःच मूल कोणा एकाचे नसते. पहिले काही महिने ते बहुतेक सर्व माणसांकडे प्रसन्नपणे पाहते. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास चित्र पालटते. आता त्याला ‘माणूस’ नको असते, ‘हे माणूस’ हवे असते. परका दिसला की ते तोंड लपवते. घरातील वडीलधाऱ्या बायका ‘आता त्याला माणूस कळू लागले’ असे म्हणतात, ते शास्त्रीय परिभाषेहून वाईट नाही. मेरी एन्स्वर्थ यांनी १९५४ च्या सुमारास युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत सव्वीस कुटुंबांतील बालके पाहिली. रांगणारे मूल आईपासून दूर जाते, आसपास धुंडाळते, मध्येच वळून पाहते किंवा परत येऊन तिला स्पर्श करते आणि पुन्हा निघते. आई जवळ असली म्हणूनच त्याला दूर जाण्याचे धैर्य होते. अंगाखांद्यावर वाढलेले मूल भित्रे होते, या समजुतीला या निरीक्षणाने चांगलाच छेद दिला.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण आपल्या वर्तुळात तो अजून जिवंत आहे. बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृप्रेम आणि मानसिक आरोग्य यांविषयी अहवाल लिहिला. त्याचा अर्थ अनेकांनी सोयीने असा लावला, की आईने क्षणभरही मुलाला सोडू नये आणि नोकरी तर मुळीच करू नये. बोल्बींची त्या काळातील काही विधानेही या अर्थाला खतपाणी घालणारी होती. पण १९६४ साली शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगो शहरातील साठ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वेगळे आढळले. दीड वर्षाच्या वयाला केवळ एकाच व्यक्तीवर जीव असलेली मुले सुमारे १३ टक्केच होती. बाकीच्यांचा जीव वडिलांवर, आजीवर, भावंडांवरही जडलेला होता. आणखी एक गोष्ट अशी, की बऱ्याच मुलांच्या बाबतीत त्यांचे सर्वांत जिवलग माणूस हे त्यांना न्हाऊ-माखू घालणारे, भरवणारे माणूस नव्हतेच. हाकेला ओ देणारे आणि त्यांच्याशी रमणारे माणूस होते. आपल्या चर्चमधील संत जोसेफांच्या पुतळ्याच्या हातावर बाळ येशू असतो. मूर्तिकारांनी हे कोणाच्या संशोधनावरून केले नव्हते.

तेव्हा जॉनच्या चित्रपटाने आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो नीट पाहिलेला नाही. बाळंतपणाला गेलेल्या बाईचा दोष काय? आरोप आहे तो कामाच्या व्यवस्थेवर. मायाळूपणा दहा हातांत सारखा वाटला, तर वाटणी न्यायाने होईल. पण मुलाच्या हाती काही लागणार नाही. प्रेम हे सद्‌गुण म्हणून मुलापर्यंत पोहोचत नाही, ते ठराविक माणूस म्हणून पोहोचते. त्याला चेहरा, वास, आवाज लागतो, आणि गेल्यावर परत येण्याची सवय लागते.

रॉबर्टसन दांपत्याने हे केवळ नकारातून दाखवले नाही. त्याच काळात जॉइसने अशाच कारणाने आईपासून दूर राहावे लागलेली चार मुले, एका वेळी एक, स्वतःच्या घरी सांभाळली. केट, जेन, टॉमस आणि लूसी. त्यांतील जेन जॉनच्याच वयाची, सतरा महिन्यांची. ती दहा दिवस राहिली. येण्यापूर्वी मुलांची घराशी आणि जॉइसशी ओळख करून दिली जाई. त्यांचे खाणे, झोपण्याच्या वेळा, आवडीनिवडी विचारून घेतल्या जात. वडील भेटायला येत. आईचा फोटो घरात असे आणि तिच्याविषयी बोलले जाई. आई विसरली जावी हा हेतू नव्हता, ती आठवत राहावी हा होता. जेनला त्रास झालाच नाही असे नाही. तिच्या स्वतःच्या घराच्या बागेचे फाटक जवळच होते. ते तिने ओळखले, उघडू पाहिले, आणि आत पाहते तो बाग रिकामी. पण ती जॉनसारखी कोसळली नाही. आई भेटल्यावर ती तिला पारखी झाली नव्हती.

या तुलनेवरून रॉबर्टसन दांपत्याने १९७१ साली असे मत मांडले, की वियोग आणि योग्य माणसाचा अभाव या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात; निराशेच्या गर्तेत नेते ती दुसरी. बोल्बींना हे पूर्णतः पटले नाही. १९७३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटले, की जॉइसच्या घरी राहिलेली मुलेही आईसाठी झुरतच होती, फरक केवळ तीव्रतेचा. वीस वर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेल्या माणसांतील हा मतभेद वाचनीय आहे. मला स्वतःला रॉबर्टसन यांचा पक्ष अधिक उपयोगाचा वाटतो, कारण बोल्बी दुःखाचे मोजमाप करतात तेव्हा रॉबर्टसन काय करता येईल ते सांगतात. मात्र त्यांचा पुरावा तोकडा आहे, हे मान्य केले पाहिजे. एका बाजूला एक जॉन, दुसऱ्या बाजूला चार मुले. आणि जॉइससारखी दिवसभर घरी असणारी, एकाच पाहुण्या मुलाला वाहून घेतलेली, वर प्रशिक्षित अशी स्त्री कोणत्या गल्लीत मिळते? जॉनच्या कोसळण्यात माणसांच्या बदलण्याचा वाटा किती आणि आक्रमक सोबत्यांचा किती, हेही या चित्रपटावरून वेगळे काढता येत नाही.

कलाकृती म्हणूनही काही उणिवा जाणवतात. निवेदन जरुरीपेक्षा अधिक बोलते. जे डोळ्यांना दिसले ते कानांनाही सांगायचा मोह शिक्षकी पेशाच्या माणसाला होतो तसा रॉबर्टसन यांना होतो. बुटांच्या प्रसंगी तर त्यांनी गप्पच राहायला हवे होते. त्याहून गंभीर प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. एक मूल दिवसेंदिवस खचत आहे आणि कोणीतरी फूट दोन फुटांवरून ते टिपत आहे. पुढच्या हजारो मुलांसाठी हे केले, हे उत्तर खोटे नाही. तरी ते उत्तर जॉनच्या कामाचे नव्हते. पाहताना ही अस्वस्थता मनातून जात नाही, आणि ती जाऊ नये असेच मला वाटते.

आपल्या कुटुंबांना या चित्रपटातून काय घेण्यासारखे आहे? वसई-विरारकडून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आईने अपराधी वाटून घ्यावे, हे तर नव्हेच. मूल आजीजवळ असेल, आणि ती तीच आजी रोज असेल, तर ते मूल जॉन नाही. पाळणाघर निवडताना आपण खोली स्वच्छ आहे का, खेळणी किती, फी किती हे विचारतो. तेथील मावशी किती वर्षे टिकून आहेत, माझ्या मुलाला भरवणारी आणि निजवणारी एकच आहे का, हे क्वचितच विचारतो. त्या मावशींचा पगार आणि त्यांचे टिकणे यांचा संबंध असतो, हेही आपण सोयीने विसरतो.

धर्मभगिनींनी चालवलेल्या बालकाश्रमांविषयी आपल्याला सार्थ अभिमान आहे. टाकून दिलेल्या बालकांना त्यांनी उराशी धरले, तेव्हा समाज दुसरीकडे पाहत होता. म्हणूनच हा विषय काढताना जीभ अडखळते. पण नेमके मायाळू लोकांच्या संस्थेत काय घडू शकते, हेच तर हा चित्रपट दाखवतो. लहानग्यांच्या खोलीतील सिस्टरची दर वर्षा-दोन वर्षांनी बदली होते. व्रतस्थ जीवनात ती आज्ञापालनाची बाब आहे. खोलीतल्या मुलाच्या लेखी मात्र ते माणूस नाहीसे होते. लहान मुलांच्या सेवेत असणाऱ्या भगिनींची बदली निदान ती मुले तीन वर्षांची होईपर्यंत करू नये, एवढी मागणी आपल्या धर्मप्रांतांतून व्हायला काय हरकत आहे? आपल्या देशाचा २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो आणि कुटुंबांनी अशा मुलांना काही काळासाठी घरी सांभाळण्याची तरतूद करतो. आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांना ही तरतूद माहीत आहे?

रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० नंतर झालेला अभ्यास या बाबतीत शंकेला फारशी जागा ठेवत नाही. संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निवडून कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांचा जीव माणसांवर अधिक नीट जडला, त्यांची बुद्धीही अधिक उमलली. आणि जी साधारण दोन वर्षांची होण्याआधी गेली, त्यांना सर्वाधिक लाभ झाला.

हे वाचल्यावर जॉनचा चित्रपट पुन्हा आठवला, की दृष्टी आपोआप जॉनवरून ढळते आणि चौकटीच्या कडेला असलेल्या त्या इतर मुलांवर जाते. जॉनला ढकलणारी, परिचारिकेच्या मांडीसाठी झोंबणारी ती मुले. पहिल्या वेळी ती आपल्याला दांडगट वाटतात, आपण जॉनच्या बाजूने त्यांच्यावर रागावतो. चित्रपटाने त्यांची नावे आपल्या मनात रुजवलेली नाहीत. जॉनच्या दुःखाला निदान नऊ दिवसांची मर्यादा होती, आणि दाराशी उभी राहिलेली, त्याच्या रागाचा धक्का सोसणारी एक आई होती. नवव्या दिवशी दार उघडते तेव्हा तीही तेथेच असणार. दाराकडे पाहण्याची त्यांची सवय तोवर मोडली असावी.